अतिवृष्टीचं अनुदान: पंचनाम्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत काय काय करायचं

पाऊस ओसरला की गावात एकच विषय, अनुदान कधी येणार. या प्रश्नाचं उत्तर तलाठ्याकडे नसतं, सरपंचाकडे नसतं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नसतंच. त्याऐवजी विचारा की माझं नाव आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे, पंचनाम्यात आलंय का, यादीत चढलंय का, व्हीके नंबर (यादीतला तुमचा विशिष्ट क्रमांक) पडलाय का, केवायसी झालीय का, की पैसे निघाले आणि बँकेतून परत गेले. हा प्रत्येक टप्पा वेगळ्या माणसाच्या हातात आहे, त्यामुळे टप्पा कळला की कुणाकडे जायचं तेही कळतं आणि नुसते हेलपाटे वाचतात.

ज्यांनी नुकतीच वडिलांनंतर शेती हातात घेतलीय, किंवा स्वतः पुण्यात नोकरीला आणि गावाकडं आईवडील दोघंच आहेत, अशा लोकांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहितोय. सगळं महाराष्ट्राबद्दल आहे.

हे पैसे नेमके कसले

पहिला गोंधळ इथंच होतो. पीकविमा वेगळा आणि सरकारी मदत वेगळी. विम्याचा हप्ता भरलेला असो नसो, नुकसान झालं असेल आणि निकषात बसत असेल तर मदत मिळते. विमा कंपनीचा आणि या मदतीचा काही संबंध नाही, दोन्ही मिळू शकतात. आणि विम्याचं म्हणाल तर खरीप 2025 पासून आपल्या राज्यात एक रुपयात विमा बंद झाला आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगात आलेल्या उत्पादनावर ठरायला लागली, म्हणून पूर्वीसारखं 72 तासांत कंपनीला कळवलं म्हणजे काम झालं असं समजून बसू नका. महसूल खात्याचा पंचनामा हा तुमचा वेगळा हक्क आहे, तो करून घ्यायचाच.

मदतीचे पैसे येतात राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, ज्याला सगळे एसडीआरएफ म्हणतात. त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25. पूर, गारपीट, दुष्काळ, चक्रीवादळ, ढगफुटी वगैरे आपत्ती केंद्राच्या यादीत आहेत. अतिवृष्टी, अवेळी पाऊस, वीज पडणं या राज्याने स्वतः धरलेल्या. 2023 मध्ये सततचा पाऊससुद्धा राज्याने आपत्ती म्हणून मान्य केला, हे फार बरं झालं, कारण सोयाबीन आणि कापूस एका रात्रीच्या पावसानं जात नाहीत, आठ-दहा दिवस सारखी रिपरिप लागली की मुळं सडतात.

अतिवृष्टी म्हणजे तुमच्या महसूल मंडळात (काही गावं मिळून केलेला महसूल खात्याचा भाग) 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस. तुमच्या शेतात किती पडला ते नाही, मंडळातल्या पर्जन्यमापकावर किती नोंदला ते. म्हणून आपलं गाव कुठल्या मंडळात येतं हे माहीत असायलाच पाहिजे आणि नसेल तर आजच विचारून घ्या. मंडळात आकडा कमी पण तुमच्या शिवारात ओढा फुटून पाणी घुसलंय असं असेल तर अर्जात पुराच्या पाण्याने नुकसान असं स्पष्ट लिहायचं, नुसतं पावसानं नुकसान असं मोघम लिहायचं नाही.

दुसरी अट 33 टक्क्यांची. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याच्या वर असेल तरच मदत.

किती मिळतात

एसडीआरएफचे 2022-23 ते 2025-26 या काळासाठीचे दर असे: जिरायत पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000 आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला 22,500. मर्यादा 2 हेक्टर. अगदी थोडं क्षेत्र असलं तरी जिरायतीला 1,000, बागायतीला 2,000 आणि बहुवार्षिकला 2,500 पेक्षा कमी देता येत नाही. काळ संपला की नवे दर येतात, त्यामुळे तुमच्या नुकसानीच्या वेळी चालू असलेला जीआर, म्हणजे शासन निर्णय, बघायचा.

मध्ये राज्याने दर वाढवले होते, 13,600, 27,000 आणि 36,000, तेही 3 हेक्टरपर्यंत. मे 2025 च्या जीआरने परत एसडीआरएफचे दर आणि 2 हेक्टरची मर्यादा आली. त्यानंतर सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडा आणि सोलापूरकडे जो पूर आला, सीना नदीने माढा, करमाळा, परांडा या भागात जे केलं, त्यानंतर 7 ऑक्टोबर 2025 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात मर्यादा 3 हेक्टर झाली आणि रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 वेगळे. हे सगळं मुद्दाम सांगतोय कारण शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्याला मागच्या वर्षी जास्त मिळाले म्हणून आपल्याला कमी दिले असं वाटतं आणि उगाच तलाठ्याशी भांडण होतं, खरं तर जीआरच बदललेला असतो.

हिशोब स्वतः करून ठेवा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये असतं. 100 आर म्हणजे 1 हेक्टर, 1 हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, आणि 1 आर जवळपास 1 गुंठाच. समजा 1 हेक्टर 20 आर सोयाबीन गेलं आणि दर 8,500 आहे तर 10,200 रुपये व्हायला पाहिजेत. पोटखराबा (लागवडीलायक नसलेला भाग) आणि पड यात धरत नाहीत, फक्त पेरलेलं क्षेत्र. हा आकडा वहीत लिहून ठेवला की पुढं केवायसीच्या वेळी स्क्रीनवर वेगळा आकडा दिसला तर तिथल्या तिथं कळतं.

पाऊस यायच्या आधी उरकायची कामं

निम्म्याच्या वर अडलेली प्रकरणं इथंच अडलेली असतात असं मला दरवर्षी दिसतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

एक म्हणजे ई-पीक पाहणी. मोबाईलवर ई-पीक पाहणी डीसीएस ॲप घ्यायचं, शेतात जाऊन गट निवडायचा, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचं साधन भरायचं आणि तिथंच उभं राहून फोटो काढायचा. घरी बसून होत नाही, लोकेशन धरतं. चुकलं तर 48 तासांत एकदा दुरुस्ती करता येते. लोक सिंचनाचं साधन भरताना घाई करतात, विहीर असते पण भरतच नाहीत, मग पीक जिरायतीत जातं आणि निम्मे पैसे कमी होतात. मिश्र पीक असेल तर दोन्ही पिकं भरा. मुदत संपेपर्यंत थांबू नका, शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर चालत नाही हे आता सगळ्यांना माहितीये तरी सगळे शेवटच्या दोन दिवसांतच शेतात उभे असतात. आणि भरून झाल्यावर सातबाऱ्यावर तेच पीक लागलंय का हे एकदा बघून घ्या.

दुसरं, फार्मर आयडी. ॲग्रीस्टॅक या सरकारच्या शेतकरी नोंदणीचा 11 अंकी नंबर. आपल्याकडे 15 जुलै 2025 पासून नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी तो लागतो. सीएससी केंद्रावर आधार, आधारला लागलेला मोबाईल आणि सातबारा घेऊन गेलं की काम होतं. पण तुमचे सगळे गट त्यात जोडलेत का ते बघा, दुसऱ्या गावात एखादा तुकडा असेल तर तो बऱ्याचदा राहून जातो आणि नेमकं नुकसान त्याच तुकड्यात झालेलं असतं.

तिसरं, वारस. सातबारा आजोबांच्या नावावर, आजोबा वारून पंधरा वर्षं झाली, कसतोय नातू. असं असेल तर पैसे कुणाच्या खात्यात टाकणार. आजोबांचं ना आधार ना खातं, नाव यादीत आलं तरी तिथंच लटकतं. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, 2025 मध्ये जिवंत सातबारा म्हणून मोहीमच निघाली होती यासाठी. ही नोंद पावसाच्या आठवड्यात होत नाही, उन्हाळ्यात करून घ्यायची असते. बहिणींची नावंसुद्धा लावा, त्यांचा हक्क आहे आणि ती लपवून केलेली नोंद पुढं जाऊन सगळ्यांनाच अडचणीत आणते.

सामाईक खातं असेल, म्हणजे चार भावांचा एकच गट आणि वाटणी तोंडी झालेली, तर एकाच्या नावावर पैसे घ्यायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. नमुना तलाठ्याकडे मिळतो. भावाभावांत बोलणं नसेल तर हे सगळ्यात अवघड काम आहे, पण पंचनाम्याच्या आधीच कुणीतरी मध्ये पडून उरकून घ्या, पैसे आल्यावर बोलू म्हटलं की पैसेच येत नाहीत.

चौथं, आधारला बँक खातं जोडलेलं असणं. लक्षात घ्या, खात्याला आधार नंबर दिला म्हणजे डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडणी झाली असं नाही. बँकांमधले पैसे इकडून तिकडे पाठवणारी जी एनपीसीआय संस्था आहे, तिच्याकडे एका आधारला एका वेळी एकच बँक लागलेली असते आणि पैसे तिकडेच जातात, तुम्ही तलाठ्याला कुठलं पासबुक दिलं त्याला अर्थ राहत नाही. मायआधार वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं. गावात कुणीतरी सिमकार्डबरोबर पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, किंवा पोस्टातलं खातं असतं, आणि पैसे तिकडे जाऊन पडलेले असतात, शेतकरी मात्र जिल्हा बँकेत रोज चौकशी करतोय. म्हणून आधी स्टेटस बघा. बँक बदलायची असेल तर बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा आणि डीबीटीसाठी असं तोंडानं सांगून लिहूनही द्या. खातं बरेच दिवस वापरलं नसेल तर बंद पडलेलं असू शकतं, शंभर रुपये का होईना भरून चालू ठेवा.

बटईनं किंवा ठोक्यानं शेती करत असाल तर मदत सातबाऱ्यावरच्या नावालाच जाते. हे मला बरोबर वाटत नाही, बियाणं आणि खत ज्याचं बुडालं त्याला मिळायला पाहिजे, पण आत्ता व्यवस्था अशी आहे. म्हणून व्यवहार ठरवतानाच मदत आली तर कुणाला किती हे दोन ओळीत लिहून मालकाची सही घेऊन ठेवा.

नुकसान झाल्यावर

पहिल्या दिवशी फोटो आणि व्हिडिओ. जीपीएस कॅमेरा ॲपनं काढा म्हणजे तारीख, वेळ आणि लोकेशन फोटोवरच येतं. नुसतं चिखलाचं क्लोजअप काढू नका, लांबून असा काढा की बांध, विहीर, शेजारचं झाड असं काहीतरी ओळखीचं दिसेल. मग त्याच दिवशी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांना कळवा. नावं बदललीत आता, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी, कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, अर्जात नवी नावं टाकली तर बरं. पंचनामा या तिघांनी मिळून करायचा असतो. फोन उचलला नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर गट नंबर, पीक, क्षेत्र आणि फोटो पाठवा, तो मेसेज पुढं पुरावा होतो. माणूस अडकलाय, जनावरं वाहून चाललीत असं असेल तर ते नंतर, आधी 1077 ला फोन, तो जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे.

पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नका. मला माहितीये की हरभऱ्याची वेळ निघून जाते आणि रोटर मारायची घाई असते, तर मग निदान एक पट्टा तसाच ठेवा, बाकीचे फोटो काढा आणि मी अमुक तारखेला शेत रिकामं करतोय असा अर्ज तलाठ्याकडे देऊन पोच घ्या.

पंचनाम्याच्या दिवशी स्वतः हजर राहा, नाही जमलं तर घरातल्या जाणत्या माणसाला पाठवा. बरोबर सातबारा, 8अ (खातेउतारा), आधार आणि पासबुकाची झेरॉक्स, फार्मर आयडी. गावात घाई असते, टीम एका जागी, बऱ्याचदा पारावर किंवा ग्रामपंचायतीत बसून नावं लिहिते, त्यांच्याकडेही चार-पाच गावं असतात, त्यांचीही दमछाक होते. तरी तुमच्या शेतात या म्हणून आग्रह धरा. आले तर उत्तम, नाही आले तर निदान कागदावर काय लिहितात ते वाचून बघा. गट नंबर, पेरलेलं क्षेत्र, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी आणि पीक जिरायत लिहिलंय की बागायत, एवढं बघा, कोऱ्या कागदावर सही तर करूच नका. टक्केवारी 30 लिहिली की संपलं, 33 च्या खाली गेलात. पटत नसेल तर शांतपणे तिथंच सांगा, आणि कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या.

पिकाशिवायचं नुकसानही सांगा, हे फार लोक विसरतात. वर सांगितलेल्या 2022-23 ते 2025-26 च्या दरांनी दुभतं जनावर दगावलं तर 37,500 रुपये, बैलाला 32,000, वासराला 20,000, शेळीमेंढीला 4,000, कोंबडीला 100, पण त्यासाठी पशुवैद्यकीय डॉक्टरांनी बघितल्याचा कागद लागतो, म्हणून पुरायच्या आधी त्यांना बोलवा. वाहून गेलं असेल तर लगेच तलाठ्याला लेखी कळवा. जमीन खरवडून गेली असेल तर हेक्टरी 47,000 आणि गाळ किंवा वाळू येऊन बसली असेल तर काढायला हेक्टरी 18,000. गोठा पडला तर 3,000, पक्कं घर पूर्ण गेलं तर सपाट भागात 1,20,000. आणि घरातला माणूस गेला असेल तर वारसांना 4 लाख. या प्रत्येकाची वेगळी नोंद होते, पिकाच्या पंचनाम्यात ती आपोआप येत नाही.

यादी, व्हीके नंबर आणि केवायसी

पंचनामे झाले की गावाची यादी तहसीलला जाते, तिथून जिल्हा, विभागीय आयुक्त आणि मंत्रालय, मग निधीचा जीआर निघतो. जीआर निघाला म्हणजे पैसे आले नाहीत, पैसे जिल्ह्याला मंजूर झाले एवढंच. टीव्हीवर बातमी आली की लोक बँकेपुढं रांग लावतात, ती रांग लावू नका.

त्यानंतर तहसीलमधून नावं, आधार, क्षेत्र असं सगळं पोर्टलवर भरलं जातं आणि प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक पडतो, त्यालाच व्हीके नंबर म्हणतात. यादी तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागते. ती यादी स्वतः डोळ्यांनी वाचा, नाव, गट आणि क्षेत्र तिन्ही. दुसऱ्यांचीही वाचा. जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगीकडे अनुदानाच्या याद्यांत बोगस नावं घुसवल्याचं उघड झालं आणि कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, गावानं यादी वाचलेली असली की अशा गोष्टी लवकर पकडल्या जातात.

व्हीके नंबर आणि आधार घेऊन आपले सरकार केंद्रावर केवायसी करायची. ज्यांचा फार्मर आयडी आहे त्यांना 2025 च्या मदतीत केवायसीतून सूट दिली होती, तेव्हा आधी तलाठ्याला विचारा, उगाच गर्दीत उभं राहायला नको. केवायसी करावी लागलीच तर अंगठा द्यायच्या आधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि क्षेत्र, रक्कम वाचा. चुकीचं असेल तर मान्य करू नका, तिथूनच तक्रार टाकता येते आणि ती तहसीलला जाते. एकदा मान्य केलं की मग दुरुस्तीला फार त्रास. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत, कष्टानं रेषाच गेलेल्या असतात, त्यांच्यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडून ठेवा म्हणजे ओटीपीवर होतं. पावती घ्या आणि जपून ठेवा.

अनुदान यादी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाईल कधीही उघडू नका, खातं रिकामं होतं. आणि पैसे लवकर काढून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, डीबीटीमध्ये मधल्या माणसाला करण्यासारखं काहीच नसतं.

पैसे आले नाहीत तर

व्हीके नंबर टाकून पोर्टलवर पेमेंट स्टेटस बघा, केंद्रवालाही बघून देतो. तिथं जे दिसेल त्यावर पुढचं ठरतं. नावच नाही तर तलाठी आणि तहसील. केवायसी बाकी तर केंद्र. आधार जोडलेलं नाही म्हणून परत गेलं असं दिसलं तर बँक, आणि बँकेत जोडणी झाल्यावर परत तहसीलला जाऊन सांगायचं. यशस्वी दिसतंय पण खात्यात नाही, तर आधारला दुसरी बँक लागलीय, वर सांगितलं तसं शोधा.

पैसे आले पण बँकेनं होल्ड लावला किंवा पीककर्जात वळते केले, हे दरवर्षी कुठं ना कुठं होतं. मदतीच्या रकमेतून कुठलीही वसुली करायची नाही असं जीआरमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. तो जीआर शासनाच्या वेबसाईटवरून डाऊनलोड करून प्रिंट काढा, ती ओळ पेनानं अधोरेखित करा आणि शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या, प्रत तहसीलदारांना. तोंडी वाद घालण्यापेक्षा हा कागद जास्त काम करतो.

तहसीलला अर्ज देताना दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. महिन्यात काही झालं नाही तर तालुक्याच्या लोकशाही दिनाला जा, तो तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. आणि पंचनाम्यात नक्की काय लिहिलंय हेच कुणी दाखवत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून तहसीलच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात का मिळालं नाही असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. अमुक गाव, अमुक गट नंबर, अमुक महिन्यातल्या अतिवृष्टीच्या पंचनाम्याची साक्षांकित प्रत आणि शासनाला पाठवलेल्या बाधित शेतकऱ्यांच्या यादीची प्रत, एवढंच मागा.